घडीसाजाचं पोरगं

बद्रीनाथ जात्याच हेवेखोर होता असं म्हटलं तर तो त्याच्यावर अन्याय होईल. वयाची सोळा-सतरा वर्षं त्याला कुणाचा हेवा करायची पाळीच आली नव्हती. जाफराबादकडच्या एका लहानशा गावातल्या रखमाजीचा हा थोरला. गावात पेरताना त्याच्याइतकी सरळ तिफण कुणी धरत नसे, पोळ्याला त्याच्या बैलांची शिंगं सगळ्यांच्या आधी रंगत, आणि त्या वर्षी गावातून मॅट्रिक पास झालेला तो एकटाच. ज्याच्या पदरात सगळं आपसूक पडत जातं तो माणूस मनानं मोठा असतो. त्यात त्याचं कर्तृत्व काही नसतं, पण लोक त्याला चांगला म्हणतात आणि हळूहळू त्यालाही ते पटतं. बद्रीला ते फारच पटलं होतं.

चौऱ्याहत्तर साली तो जाफराबादच्या अलीकडे, फाट्यावरच्या शेतकी शाळेत दाखल झाला तेव्हाही त्याचं मन असंच ऐसपैस होतं. मग तिथं मस्तगडचा रशीद आला आणि त्या मनाची आक्रसून सुपारी झाली.

जालन्यात मस्तगडला रशीदच्या बापाचं, लालमियाँचं, घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. सगळे त्यांना लालमियाँ घडीसाज म्हणत. शेतकी शाळा पास झालं की पोरगं ग्रामसेवक होतं, असं कुणा गिऱ्हाइकानं घड्याळ परत नेता नेता त्यांना सांगितलं. लालमियाँना ते पटलं. रशीदला कुणी विचारलं नाही. घोळदार बेलबॉटम पँट, केसांना चमेलीचं तेल आणि उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं लांब नख, असा तो एस.टी.तून उतरला आणि उतरल्या उतरल्या चिखलात घसरून बसला. शाळेतल्या सगळ्या पोरांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं.

पहिल्याच आठवड्यात पोरांना मूग निंदायला बसवलं. रशीदनं आपली ओळ मन लावून निंदली. सगळा मूग उपटून बाहेर काढला आणि गवत मात्र एकसारखं, सुबक ठेवलं. शाळेचे मुख्य साहेबराव सर फिरत फिरत तिथं आले. सर म्हणजे त्यांच्या वस्तीतला पहिला पदवीधर माणूस, बोलायला कमी आणि नजरेनं बारीक. त्यांनी ती ओळ पाहिली, तोंडावर रुमाल धरला आणि काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी रशीदच्या हातात औताच्या बैलांचा कासरा दिला तर त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ह्याला ब्रेक कुठं हाये?" तेव्हापासून अख्ख्या शाळेत त्याचं नाव ब्रेक पडलं.

या सगळ्यात त्याची बाजू घेणारा एकच पोरगा होता आणि तो म्हणजे आपला बद्री.

"हसू नका रे," तो पोरांना दटावायचा. "शहरातलं लेकरू हाये. त्याच्या बापानं तरी शेत बघितलं असंल का कधी?"

त्यानं रशीदला खुरपं कसं धरायचं ते शिकवलं. घरून आलेला ठेचा आधी त्याच्या ताटात वाढला. तळपायात काटा मोडला तर मांडीवर पाय घेऊन काढला. ईदेला घरी जाऊन आलेला रशीद एका संध्याकाळी बांधावर बसून रडला तेव्हा शेजारी बद्रीच होता.

"मी अब्बाला सांगून आलो, बद्री. मला घेऊन चला म्हणलं. इथं मला काहीच येत न्हाई. सगळे हसून राह्यलेत."

"मंग काय म्हणले?"

"म्हणले, सबर कर. दुकानाचं जरा बघतो अन् येतो तुला न्यायला."

"रडू नको," बद्री म्हणाला. "मी हाये ना."

हे म्हणताना त्याला मनापासून बरं वाटलं. ज्याला काहीच येत नाही त्याच्याशी चांगलं वागण्यासारखं दुसरं सुख नाही. खर्च काही नाही आणि आपली उंची मात्र रोज बोटभर वाढते. बद्रीला ही मैत्री वाटत होती. कदाचित ती मैत्री असेलही. पण रशीद काहीच नव्हता, यावर ती उभी होती.

आता शाळेच्या विहिरीजवळच्या तुकड्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. काळीभोर जमीन, हाताशी पाणी, आणि नव्या संकरित कापसाचं बी तयार करायचं काम शाळेत फक्त तिथंच चाले. हायब्रीड ज्वारी तोवर गावोगाव येऊन गेली होती. तिच्या भाकरीला नावं ठेवत ठेवत लोक ती खात होते. कापसाचं हायब्रीड मात्र हातानं, एकेका फुलाला हात लावून करावं लागायचं. पावसाळा सरता सरता सर पहिल्या वर्षातला एक पोरगा निवडत आणि पुढच्या साली तो तुकडा त्याच्या ताब्यात देत. कुणी कुठली ओळ घ्यायची, पाणी कधी सोडायचं, कुणाचं काम पुन्हा करून घ्यायचं, सगळं तो ठरवणार. बांधावर काळ्या पत्र्याची पाटी आणि पाटीवर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव. आधीच्या साली जो होता तो तर थेट परभणीला विद्यापीठाच्या शेतावर गेला होता.

त्या पाटीवर आपलंच नाव लागणार, याविषयी बद्रीच्या मनात बिलकुल शंका नव्हती. पोळ्याच्या सुट्टीत त्यानं घरी तसं सांगूनही टाकलं. रखमाजीनं ते त्याच संध्याकाळी पारावर सांगितलं. द्वारकाबाईनं, म्हणजे बद्रीच्या आईनं, माहेरी निरोप धाडला की बद्री आता शाळेतल्या शेताचा साहेब झाला. थोडक्यात, पाटी रंगवायची राहिली होती, बाकी सगळीकडे नाव लागलं होतं.

आणि मग कापूस फुलावर आला.

काम असं असतं. उद्या उमलणारी कळी आज दुपार कलल्यावर हेरायची. अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतला परागाचा झुबका एका वळशात सोलून काढायचा, मधली नाजूक काडी तेवढी उभी ठेवायची. नख जास्त लागलं तर खालचं कोवळं बोंड दुखावतं आणि गळतं. कमी लागलं तर पराग मागं राहतो आणि सगळी मेहनत फुकट. मग त्या काडीवर लाल कागदाची टोपी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग त्या काडीवर फिरवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. प्रत्येक पोराच्या दोऱ्याचा रंग निराळा. बद्रीचा पिवळा होता, रशीदचा निळा.

पहिल्या दिवशी बद्रीनं मोठ्या हुशारीनं पहिली कळी हातात घेतली आणि चिरडली. दुसरी अर्धी फाटली. तिसरीचं बोंडच हातात आलं. कासरा ओढून त्याच्या बोटांना घट्टे पडलेले, नख खुरप्यानं झिजून गेलेलं. ज्या हाताचं सारं गाव कौतुक करायचं तो हात कळीपुढं नुसता ओंडका झाला. इतर पोरांचं तेच चाललं होतं, त्यामुळे त्याला फारसं वाईट वाटलं नाही. मग त्याची नजर शेजारच्या ओळीत गेली.

रशीद उकिडवा बसला होता. ज्या नखावरून पोरं त्याला "बाईमाणूस" म्हणून चिडवत, ते नख त्यानं मनगटी घड्याळाची मागची झाकणं उघडायला वाढवलेलं होतं. त्यानं ते कळीच्या बुडाला अलगद लावलं, मनगट जरासं वळवलं आणि अख्खा झुबका अंगठीसारखा निघून आला. काडी सरळ उभी, कुठं ओरखडा नाही. त्यानं टोपी चढवली, दुसरी कळी घेतली, तिसरी घेतली. त्याला कुणी सांगितलं असतं की हे काम अवघड आहे, तर त्याला खरं वाटलं नसतं.

सरांनी त्यानं सोललेली कळी वाकून पाहिली. दुसरी पाहिली. मग ते म्हणाले, "बद्री, इकडं ये. ह्याचा हात बघ. ह्याच्याजवळ बस अन् शीक."

शीक! रशीदकडून! बैलाला ब्रेक शोधणाऱ्याकडून! बद्री जाऊन बसला खरा, पण त्या दुपारी तो एकही गोष्ट शिकला नाही. तो नुसता त्या अंगठ्याकडं बघत होता आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता. आपल्याला राग कशाचा आला हेही त्याला आधी कळेना. रशीदनं त्याचं काही घेतलं नव्हतं, काही वाईट केलं नव्हतं. उलट दर दोन कळ्यांनी तो खुशीत म्हणत होता, "बघ, यार, किती सोपं हाये!"

हे "सोपं हाये" बद्रीला सगळ्यांत जास्त झोंबलं.

त्यानंतर बद्रीला रशीदचं सगळंच डोळ्यांत सलायला लागलं. त्याचं जेवताना बोटं चाटणं, काम करता करता गुणगुणणं, चमेलीच्या तेलाचा वास. पूर्वी हेच तेल बद्री त्याच्याकडून मागून घेऊन आपल्या डोक्याला लावायचा. पोरांनी रशीदला ब्रेक म्हणणं सोडलं, तेव्हा बद्रीनं ते मुद्दाम पुन्हा सुरू करून पाहिलं. कुणी हसलं नाही. मग त्यानं चोरून आपल्या अंगठ्याचं नख वाढवायला घेतलं. नख हे काही वांग्याचं रोप नव्हे की पाणी घातलं आणि वाढलं. चार दिवस जपलं, पाचव्या दिवशी खुरप्याच्या दांड्याला लागून मुळापासून तुटलं. रक्त आलं. रशीदनं विचारलं, "काय झालं रे?" बद्रीनं हात खिशात घातला.

तुकड्यात मात्र निळे दोरे वाढत होते. हिरव्या पानांत, जिथं बघावं तिथं निळं. बद्री पाणी प्यायला विहिरीवर गेला तरी डोळे आपोआप निळे दोरे शोधायचे आणि शोधून आपलं आपण दुखवून घ्यायचे. रशीद तर पार बदलून गेला होता. वर्ग सुटला की तुकड्यात, सुट्टी असली तरी तुकड्यात. ज्याला मूग आणि गवत यांतला फरक कळत नव्हता तो आता सरांच्या मागं मागं फिरून विचारायचा, हे बी पुढच्या साली धरलं तर असंच येईल का, का नाही येणार, मग दर वर्षी नवं का करायचं. सर, जे कुणाशी दोन वाक्यांपुढं बोलत नसत, ते त्याच्याशी बांधावर बसून बोलायचे. बद्री लांबून ते बघायचा. त्याच्याशी सर असे कधी बसले नव्हते.

एकदा जेवताना रशीद आपणहून म्हणाला, "बद्री, तुला सांगू? दुकानात मी घड्याळ चालू करून देत होतो अन् गिऱ्हाईक घेऊन जायचं. मंग कधीतरी तेच घड्याळ बंद पडून परत माझ्याच समोर. मला वाटायचं, जिंदगीभर दुसऱ्यांचं बंद पडलेलंच बघत बसायचं का? इथं तसं न्हाई. इथं मी हात लावला म्हणून एक असं बी होतं, जे आधी नव्हतंच. पुढच्या साली कुणीतरी पेरंल ते. कोण, ते मला माहीतबी नसंल."

"अन् घरी जायचं म्हणत होता ते?"

"आता कशाला जाऊ?"

इतकी वर्षं तो शेतात राबला, पण असं काही त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याला फक्त पहिलं यायचं होतं. या घडीसाजाच्या पोरानं त्याचं काम घेतलं, सर घेतले, आता पाटीही घेणार, आणि वर त्या कामावर त्याचा जीवसुद्धा जास्त, हे मात्र फारच झालं.

"जल्दी जेव," तो म्हणाला. "डाळ थंड होऊन राह्यली."

हात चालत नसला तरी एक गोष्ट बद्रीपाशी होती आणि ती रशीदपाशी नव्हती. बद्री लवकर उठायचा. उगवता सूर्य अंथरुणात दिसला तर रखमाजीच्या घरात ती बेअब्रू समजत. रशीद सकाळी तुकड्याच्या बांधावर मांडी घालून बसायचा आणि चहा घोट घोट पीत उन्हं चढायची वाट बघायचा. उन्हं चढल्याशिवाय परागाला हात लावायचा नाही, असं सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलेलं होतं. बद्रीच्या मते ते वाक्य आळशांसाठी होतं. शेतकऱ्याच्या पोराला उन्हं चढेपर्यंत बसून राहा म्हणणं म्हणजे त्याचा अपमानच.

म्हणून तो तांबडं फुटायच्या सुमाराला तुकड्यात उतरायला लागला. परागाची फुलं मिटलेलीच असायची. तो ती बोटांनी उघडायचा, आतला पराग ओलसर, चिकट, तसाच आदल्या दुपारी कशाबशा सोललेल्या काड्यांवर फिरवायचा आणि देठांना पिवळे दोरे बांधत सुटायचा. पायजमा गुडघ्यापर्यंत दवानं भिजायचा. रशीद चहाचा कप ठेवून उठेपर्यंत बद्रीची ओळ संपलेली. बघता बघता निळ्याच्या बरोबरीनं पिवळं दिसायला लागलं. बद्रीला पुन्हा भूक लागायला लागली. "नवाब बसलेत बघा चहा पीत," असं तो पोरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचा. सरांना सगळ्यांच्या आधी आपण दिसावं म्हणून ओळीच्या टोकाशी उभा राहायचा.

मग एक दिवस त्याच्या ओळीत खाली एक पिवळा दोरा दिसला. दोऱ्यासकट देठ, देठासकट सुकलेलं इवलं बोंड. शेजारी दुसरं. दुसऱ्या दिवशी ओळीलगतच्या सरीत पिवळ्या दोऱ्यांचा सडा पडला होता. वर झाडाला मोजके लोंबत होते आणि हात लावला की तेही निसटत होते. पलीकडे रशीदच्या ओळीत निळ्या दोऱ्यांखाली बोंडं टपोरी धरत होती.

बद्रीचं डोकं फिरलं.

"माझ्या ओळीत कोण शिरलं?" तो एवढ्या जोरात ओरडला की विहिरीवरची पोरं धावत आली. "कुणी नख लावलं माझ्या बोंडांना? सांगा! इथं लांब नख एकाचंच हाये!"

रशीद उभाच राहिला. "मी? बद्री, मी कामून लावू?"

"तुला तुकडा पाहिजे म्हणून! मला काय समजत न्हाई का?"

साहेबराव सर आले. त्यांनी सरीतलं एक बोंड उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, नखाचा व्रण कुठं दिसतो का ते शोधलं. मग शांतपणे विचारलं, "बद्री, तू पराग कधी लावतोस?"

"सगळ्यांच्या आधी, सर," बद्री म्हणाला. त्या क्षणीसुद्धा हे सांगताना त्याची छाती फुगली होती.

"दवात?"

बद्रीची नजर आपल्या ओल्या पायजम्यावर गेली.

"पराग पाण्यानं भिजला की फुटतो. मरतो तो," सर म्हणाले. "मेलेला पराग लावत होतास तू. रोज. सगळ्यांच्या आधी."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. रशीद खाली वाकला आणि सरीत पडलेले पिवळे दोरे गोळा करायला लागला, कारण दोरे पुन्हा वापरता येत. मूठभर गोळा करून त्यानं ते बद्रीपुढं धरले. "जाऊ दे यार. अजून फुलं हायेत. उद्यापासून आपण संगं जाऊ. मी तुला दाखवतो."

मी तुला दाखवतो! खोटा आळ घेतला त्याचा राग नाही, उलट शब्द नाही. आता रशीद बद्रीशी चांगला वागत होता, आणि कशामुळं वागत होता ते बद्रीला चांगलं ठाऊक होतं. त्यानं ते दोरे घेतले. त्या दिवसापासून तो रशीदला नुसतं पाण्यात पाहत नव्हता. हा पोरगा इथून नाहीसा व्हावा, एवढीच एक इच्छा त्याच्या मनात उरली.

आणि इच्छा ऐकल्यासारखे लालमियाँ आले.

सर शनिवारी नाव सांगणार होते. आदल्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं लालमियाँ फाट्यावर उतरले. बारीक अंगाचे, पांढरी टोपी घातलेले, उजेडाकडं डोळे बारीक करून बघणारे. रशीदला बांधावर शेजारी बसवून त्यांनी सांगितलं की ते त्याला न्यायला आले आहेत. बद्री दोन ओळी पलीकडे वाकून काम करत होता. त्यानं मान वर केली नाही, पण एक शब्दही सोडला नाही.

"मी राहतो इथंच, अब्बा," रशीद म्हणाला.

"तू तर रडून गेल्ता, बेटा. तुझी अम्मी अजून रोज म्हणते, पोराला आणा."

"ते तव्हा होतं."

"मला वाईट वाटू नये म्हणून बोलून राह्यला तू. मला माहीत हाये." लालमियाँनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अन् मला तुझी गरजबी हाये. हात थरथरतो आता. स्क्रू दिसत न्हाई. जा, सरांना सांग, पेटी भर. चारची गाडी धरू."

बापापुढं उलट बोलायची रशीदच्या घरात रीत नव्हती. तो जागचा उठला, तुकड्याकडं एकदा बघितलं आणि खाली मान घालून वसतिगृहाकडं गेला.

गेला! आपोआप गेला! कुणाचं काही न करता गेला! उद्या सर नाव सांगतील ते आता एकच असू शकत होतं. त्यानं हात धुतले, लालमियाँपाशी गेला आणि म्हणाला, "चाचा, चला, रशीद येईस्तोवर फाट्यावर चहा घेऊ." इतकं गोड बोलणं त्याला कित्येक दिवसांत जमलं नव्हतं.

फाट्यावरच्या हॉटेलात बाकड्यावर दोघं बसले. लालमियाँनी कप उचलला तसा तो बशीवर खडखड वाजला आणि चहा हिंदकळला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.

"बेटा, तू बद्री ना? रशीद तुझंच नाव घेत होता ईदेला. एकटा बद्री चांगला वागतो म्हणला."

बद्रीनं मान हलवली. चहा त्याला कडू लागला.

"मंग तुला विचारतो. तू शेतकऱ्याचा लेक, तुला समजतं. खरं सांग. हा पोरगा इथं काही कामाचा हाये का? मला खरं तेच सांग. तो म्हणतो राहतो, पण त्याच्यावर माझा भरोसा न्हाई, शरमेनं बोलत असंल. कामाचा असंल तर ठेवतो, दुकानाचं काय व्हायचं ते होऊ दे. नसंल तर नेतो."

बद्रीला फक्त एवढंच म्हणायचं होतं, न्या चाचा. खोटंसुद्धा फार बोलावं लागलं नसतं. मुगाची गोष्ट खरीच होती, बैलाच्या ब्रेकची खरीच होती. त्या दोन गोष्टी हसत हसत सांगितल्या असत्या तरी काम झालं असतं. त्यानं तोंड उघडलंही.

पण लालमियाँच आधी बोलले. "तुला सांगायला जड जाऊन राह्यलं, समजलं मला," ते हसून म्हणाले. "कमजोर हाये तो. लहानपणापासून तसाच. तुझ्यासारख्या पोरांसमोर तो काय टिकणार? कुणाच्या गिनतीत नसंल इथं."

"कोण म्हणतं?" बद्री एकदम बोलला. आपला आवाज चढलाय हे त्याला बाकीच्या गिऱ्हाइकांनी वळून बघितलं तेव्हा कळलं. कुणाच्या गिनतीत नाही? मग ज्याच्यापुढं आपण रोज हरलो तो कोण होता? तांबडं फुटताना दवात भिजत होतो ते कुणासाठी? "कोण म्हणतं कमजोर? चाचा, मी तिफण धरतो तशी माझ्या गावात कुणी धरत न्हाई. पण त्याच्या हातासारखा हात ह्या शाळेत कुणाचा न्हाई. माझाबी न्हाई. मी लई जोर लावून पाहिला. नख वाढवलं. सगळ्यांच्या आधी उठलो. सगळी बोंडं गळाली माझी अन् त्याची एक न्हाई गळाली. आळबी घेतला त्याच्यावर, सगळ्यांसमोर. अन् त्यानं माझेच दोरे गोळा करून देले!"

लालमियाँ बाकड्यावर त्याच्याकडं सरकले.

"मी जळतो त्याच्यावर, चाचा," बद्री म्हणाला. आता त्याला थांबता येत नव्हतं आणि डोळ्यांत पाणी आलेलं लपवताही येत नव्हतं. "तो नसावा इथं, असं रोज वाटतं मला. उद्या तुकडा त्यालाच भेटणार. तो गेला तर मला भेटंल. म्हणून मला विचारू नका तुम्ही. दुसऱ्या कुणालाबी विचारा. कामाचा नसता तर कशाला जळलो असतो मी?"

लालमियाँनी कप खाली ठेवला. रस्त्यावर लांबून एस.टी.चा आवाज आला तसे ते उठले. तिकडून रशीद डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन येत होता, डोळे सुजलेले, बेलबॉटमच्या घोळाला चिखल लागलेला. गाडी थांबली. लालमियाँनी दांडा धरून पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळून म्हणाले, "पेटी परत घेऊन जा."

"कामून, अब्बा?"

"दुकानात इतकी वर्षं बसला माझ्याजवळ," लालमियाँ म्हणाले. "तिथं तुझ्यावर कुणी जळलं न्हाई, बेटा."

रशीदला काही समजलं नाही. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी जालन्याकडं निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो तिकडं बघत राहिला, मग बद्रीकडं वळला. बद्री दुसरीकडं बघत होता. तुकडा गेला, हे त्याला कळत होतं. तो आपण आपल्या तोंडानं दिला, हेही कळत होतं. आता घरी रखमाजीला काय सांगायचं, हा विचार आला आणि तो रशीदवर पुन्हा तसाच जळायला लागला. काही कमी झालं नव्हतं.

पेटी जड होती. बद्रीनं एका बाजूची कडी धरली आणि दोघं शाळेकडं चालायला लागले.

"तू काय सांगितलं अब्बाला?" रशीदनं विचारलं.

"काही न्हाई," बद्री म्हणाला. "बराबर धर. सगळं वजन माझ्याकडंच येऊन राह्यलं."